सावकाश होऊ द्या

लाईट एवढ्यात यायची नाही. लातूरच्या आपल्या मुरुडला मे महिन्यात एकदा गेली की गेली. कंदील जरा तुमच्याकडे सरकवा आणि निवांत बसा. शिवकांताच्या बोटांना मलम आणून दिलंत, बरं झालं. मोरीतल्या नळाकडे लक्ष देऊ नका, त्याचं ठिबकणं रोजचंच आहे. वायसर आणायला म्हणूनच मी बाजारात निघालो होतो आणि तुम्ही जिन्यात गाठून विचारलंत, तुमचे दाजी रोज ताटात एक घास टाकून का उठतात म्हणून. वरच्या खोलीत भाड्याने येऊन तुम्हाला आठवडा झाला नाही, तरी तुमच्या नजरेत आलंच.

दाजी म्हणजे बालाजी. लातूरला पॉलिटेक्निकमध्ये आम्ही एका बाकावर होतो, तेव्हा तो नुसता बाल्या होता. पुढे माझ्या धाकट्या बहिणीशी, शिवकांताशी त्याचं लग्न झालं आणि ज्याला मी चार वर्षं शिव्या घातल्या त्याला एका दिवसात ‘अहो दाजी’ म्हणायची पाळी आली. आमच्यातला तिसरा अकरम, देगलूरचा. त्याचा ट्रॅव्हल्सचा धंदा. बर्फावर घसरायला जायची टूम त्याचीच. ईद झाली की निघायचं, असं त्यानं ठरवूनच टाकलं.

शिवकांताला तेव्हा सातवा महिना होता. निघताना तिनं माझ्या हातात धपाट्यांचा मोठा डबा दिला, वर शेंगाच्या चटणीची पुडी, आणि म्हणाली, “दादा, ह्यांना नीट परत आण. ते कुनाला न्हाई म्हनत न्हाईत, तुला ठाव हाय.” मी हसून हो म्हणालो. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून जास्तच हसलो.

तिकडे उत्तरेला आम्ही गेलो तो डोंगर म्हणजे स्वर्ग होता हो. आकाश निळंशार, ऊन असं की जॅकेट काढून कमरेला बांधलं. वसंतातला बर्फ, वरून मऊ पडलेला. आपण लातूरकर, रेल्वेनं आलेलं पाणी प्यालेली माणसं, आणि तिथे डोंगरच्या डोंगर भरून पाणी नुसतं उन्हात पडलेलं. दाजी तर मूठमूठ उचलून बघत होते. शिकवायला कुंदन म्हणून तिथलाच पोरगा होता. त्यानं पायांत त्या लांब पट्ट्या अडकवून दिल्या, हातात काठ्या दिल्या, आणि पुढचा सगळा वेळ आम्ही पडलो. अकरम तर एका बाईच्या अंगावरच जाऊन आदळला आणि घाबरून तिलाच “आस्ते, आस्ते” म्हणायला लागला. इतकं हसलो की पोट दुखलं.

कुंदननं एक गोष्ट मात्र दोनदा बजावली. “लाल झंडी के पार नहीं जाना. धूप में बर्फ भारी हो जाती है, नीचे खिसकती है.”

दुपारी तो दुसऱ्या गिऱ्हाइकांना घेऊन खाली गेला आणि आम्ही त्या झेंड्यांच्या अलीकडेच, एका देवदाराखाली सतरंजी टाकली. डबा उघडला, ताटं मांडली. धपाटे, चटणी, खालच्या टपरीवरून आणलेलं दही. भोवती सगळीकडे बर्फ वितळत होता. झाडावरून थेंब, दगडावरून थेंब, कुठेतरी खाली झुळझुळ. त्या आवाजानं डोळे जड व्हायला लागले होते.

झेंड्यांच्या पलीकडे एक खोल घळ होती. घळीच्या त्या काठावर एक माणूस उभा दिसला. खांद्यावर पट्ट्या, तोंड आमच्याकडे. नुसता उभा.

दाजींनी हातातला घास वर केला आणि शेतात बांधावरून ओरडतात तसे ओरडले, “या जेवायलाऽऽ!”

आता ह्यात त्यांचं काय चुकलं? आपल्याकडे जेवताना कोणी दिसलं तर ‘या जेवायला’ म्हणायचं आणि त्यानं ‘होऊ द्या, सावकाश होऊ द्या’ म्हणत पुढे जायचं. बोलावणाऱ्यालाही माहीत असतं, तो येणार नाही.

घळीपलीकडून आवाज आला, “आलो की.”

मराठीत. आपल्या बोलीत.

अकरम खूश झाला. “आपलाच मानूस दिसतो बे!” त्यानं सरकून जागा केली, चौथं ताट मांडलं. मी डब्यातून धपाटा काढायला खाली वाकलो आणि वर बघतो तर तो सतरंजीच्या कडेला उभा. एवढी घळ उतरून चढायला आमच्यासारख्याला पाऊण तास लागला असता. आणि मग माझ्या ध्यानात आलं की थेंबांचा आवाज बंद झालाय. झाडावरचा, दगडावरचा, सगळाच. ऊन तसंच होतं, पण कुठे काही वितळत नव्हतं.

तो बसला. दाढीवाला, आमच्याच वयाचा. कपडे ओलेचिंब. भिजलेल्या घोंगडीचा वास, आणि त्याखाली दुसरा, फार दिवस बंद ठेवलेल्या खोलीचा.

“कुठले म्हनायचे?” दाजींनी विचारलं आणि धपाटा त्याच्या हातावर ठेवला.

“देवनीकडचा.”

“देवनीचे? आपल्याच जिल्ह्यातले की! कुनाचे?”

त्यानं धपाट्याचा तुकडा मोडला. कट्ट असा आवाज झाला, काच तडकल्यासारखा. धपाटा मऊ होता हो... मीच दिला होता दाजींच्या हातात. त्यानं तो तुकडा तोंडात घातला, आणि दातांखालीही तसाच आवाज.

“लई दिसानं,” तो म्हणाला. मग दाजींकडे बघत म्हणाला, “घरी कोन हाय?”

“मंडळी हाय. दोन महिन्यांनी तिसरं मानूस येतंय.” दाजी लाजले.

“मला भी घर हाय. तितं, खाली.” त्यानं घळीकडे हात केला. “तुमी मला जेवू घातलं. आता आमच्याकडं या.”

“येऊ की!” दाजी म्हणाले.

शिवकांता म्हणाली होती ते हेच. पण ह्याला तरी कोण नाही म्हणतं? आपण सगळेच ‘येऊ की’ म्हणतो आणि विसरून जातो.

“कवा?” तो म्हणाला.

असल्या ‘येऊ की’वर ‘कधी’ असं कोणी विचारत नाही. आयुष्यात मी पहिल्यांदा ऐकलं. दाजींचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं.

“सवडीनं... आता आमचं जेवन...”

“झालं की जेवन. चला. वाट बगून राहिलेत.”

कोण, ते त्यानं सांगितलं नाही. मी घळीकडे बघायचं टाळलं. अकरमनं बघितलं, आणि तो ओठातल्या ओठात काही पुटपुटायला लागला. दाजी उठले. सकाळपासून ज्यांना त्या पट्ट्या एकट्याला अडकवता आल्या नव्हत्या त्यांनी एका झटक्यात दोन्ही पाय अडकवले आणि झेंड्यांकडे तोंड केलं. मी दंड धरला. उघडा दंड नव्हे, बर्फाची लादी होती. हाक मारली, ते वळले नाहीत. मला रडू फुटायच्या बेतात होतं. शिवकांताला काय सांगू, एवढंच डोक्यात.

आणि कुठून सुचलं देव जाणे. माझ्या तोंडून माझ्या आईचा आवाज निघाला. “अवो दाजी! पान टाकून उठलात? जावयानं असं उठायचं असतंय का?”

दाजी थांबले. त्यांच्या ताटात अर्धा धपाटा होता. लग्नानंतर आमच्या घरी पहिल्या जेवणाला आईनं त्यांना असंच बसवलं होतं, पट्टा सैल करेपर्यंत. ते वळले. सतरंजीवर येऊन बसले आणि खायला लागले.

मी त्या माणसाकडे बघितलं. जेवणाऱ्याला ‘ऊठ’ असं कुठल्याही आपल्या माणसाला म्हणता येत नाही. त्यालाही आलं नाही. तो उभा राहिला आणि म्हणाला, “होऊ द्या. सावकाश होऊ द्या. थांबतो मी.”

मग मी वाढत सुटलो. “अजून एक, माझी शपत हाय.” “चटनी घ्या की.” “बहिनीच्या हाताचं हाय, न्हाई म्हनू नका.” अकरमही सावध झाला, दही ओतत होता. दाजी चावत होते, गिळत होते, डोळे घळीकडे. डबा मात्र रिकामा होत चालला होता. मी धपाट्याचे तुकडे लहान करायला लागलो. मग आणखी लहान. तो मागे उभाच. त्याच्या अंगाची थंडी माझ्या मानेला लागत होती.

शेवटचा तुकडा ताटात पडला आणि दाजींनी तो उचलला.

“ठेवा,” मी म्हणालो. “तो... सावकाश.”

तेवढ्यात डोंगर हलला. आधी पायांखाली, मग आवाज. झेंड्यांच्या पलीकडचा सगळा उतार एकदम सुटला आणि घळीत गेला. बर्फाचा धुरळा अंगावर आला, काही दिसेना. मी दाजींना दोन्ही हातांनी कवटाळलं. धुरळा बसला तेव्हा घळ भरून सपाट झाली होती आणि मागे कोणी नव्हतं. झाडावरून पुन्हा थेंब पडायला लागले होते. दाजींच्या मुठीत तो तुकडा तसाच होता.

कुंदन धापा टाकत वर आला. आम्ही सांगितलं ते त्यानं ऐकून घेतलं. सतरंजीवरच्या चौथ्या ताटाकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, “खाना पूरा हुआ था क्या?” मी नाही म्हणालो. “तो पूरा मत करना,” तो म्हणाला, आणि आम्हाला बसपर्यंत सोडूनच परतला.

तेव्हापासून दाजी ताट संपवत नाहीत. घरी, लग्नात, कुठेही. एक घास राहतो. त्यांना मुलगी झाली, हुमा म्हणून अकरमची बायको आहे, तिनं बारशाला चांदीचे वाळे आणले. त्या दिवशीही पुरणपोळीचा तुकडा ताटात होता. जेवण चालू आहे, असं समजायचं. चालू आहे तोवर तो थांबणार.

काल मात्र शिवकांतानं ताट उचललं आणि ते लख्ख रिकामं. तिला आम्ही हे कधी सांगितलंच नव्हतं. बिचारीला आनंद झाला, “आज संपवलं की वो सगळं!” दाजी मटकन खाली बसले. म्हणाले, मी घास ठेवला होता. हात धुवायला मोरीपर्यंत गेलो, तेवढाच काय तो वेळ.

आणि ते ताट तिच्या हाताला चिकटलं. बोटांची साल निघाली तेव्हा सुटलं. चुलीवर भाजलं असं तुम्हाला वाटलं ना? म्हणून मलम आणलंत. भाजलेलं नाही ते. मी बघितलंय तसं, डोंगरावर, दाजींच्या दंडाला हात लावला तेव्हा माझ्या तळव्याला. हे बघा, अजून वण आहे.

म्हणून आजपासून वाढायला मीच बसणार आहे. आत धपाटे चाललेत, पीठ भरपूर मळून दिलंय मी. तुम्हीही बसा पंगतीला. पण एक करा, कोणी दिसलं, दारात, खिडकीत, तर तोंड उघडू नका. सवयीनं ते निघून जातं आपल्या...

थांबा. मोरीतला नळ...

मघापासून ठिबकत होता ना?

शिवकांता! ताटं घे गं. आधी दाजींना वाढ. आगं लवकर वाढ!