छत्तीस गुणांचा उमेदवार

या निवडणुकीतून विमल नंदनवारबाईंना काय मिळणार होतं, ते आधीच सांगून टाकलेलं बरं. नंतर कोणी त्यांना साध्वी ठरवायला नको. पद त्यांना नको होतं, कंत्राट तर नकोच नको. त्यांना फक्त एकदा, सत्तरी गाठायच्या आत, जिंकलेल्या बाजूला उभं राहायचं होतं. तळोणीच्या नगराध्यक्षपदासाठी त्या पाच वेळा लढल्या, पाचही वेळा अनामत जप्त झाली आणि दर वेळी निकालानंतर लोक घरी येऊन म्हणाले, "बाई, तुमचं म्हणणं मात्र खरं होतं." बाई चहा पाजायच्या. खरं म्हणणाऱ्याच्या घरी चहा प्यायचा आणि मत दुसऱ्याला द्यायचं, ही तळोणीची जुनी रीत. बाईंना आता तिचा वीट आला होता.

त्यांच्या पक्षाचं नाव नगर जागृती पक्ष. चिन्ह चिमटा, म्हणून गाव म्हणायचं चिमटा पक्ष. चिमट्याची हजारेक मतं अशी ठाम होती की वाढायचीही नाहीत आणि कमीही व्हायची नाहीत. मागच्या दोन्ही निवडणुका त्याहून कमी फरकानं लागल्या होत्या. म्हणजे हे हजार ज्या पारड्यात पडतील ते पारडं खाली जाणार. नागरिकशास्त्र शिकवण्यात हयात गेलेल्या बाईंना एवढं गणित सुचायला तीस वर्षं लागली.

आणि सुचलं तेही 'मेळ' आल्यामुळे.

बस स्टँडसमोरच्या पानठेल्यावर अलीकडे भांडणं पूर्वीसारखी रंगत नव्हती. कोणी म्हणायचं, "धोटे पाण्याच्या मीटरच्या विरोधात होता." ठेलेवाला पानाला कात लावता लावता भिंतीवरच्या पडद्याला विचारायचा आणि पडद्यातून मेळचा शांत आवाज यायचा, "विरोधात होते, फेब्रुवारीच्या सभेपर्यंत. मार्चपासून बाजूने आहेत." वाद तिथंच बसायचा. माणसं जरा हिरमुसून पान तोंडात टाकायची.

मेळ हे तुलनायंत्र होतं. नगर परिषदेच्या सभांची ध्वनिमुद्रणं, भाषणं, मुलाखती, लग्नाच्या मांडवात माइक हातात आल्यावर बोललेलं, जे जे चारचौघांत बोललं गेलं ते त्यानं ऐकून ठेवलेलं असे. तुम्ही आपल्या मागण्या त्याच्यापुढे ठेवायच्या. कोणता उमेदवार कोणत्या मागणीच्या बाजूने, कोण विरोधात, कोण चकवतोय, ते तो सांगे. शिवाय वचननोंद कायदा आला होता. मेळसमोर बसून उमेदवारानं जी भूमिका नोंदवली, ती निवडून आल्यावर मोडली की पद गेलं. त्यामुळे उमेदवार आता खोटं बोलत नसत. फार जपून खरं बोलत.

श्रावणात बाईंच्या पडवीत पक्षाची बैठक बसली. पक्ष म्हणजे पंधरा-वीस माणसं आणि त्यांच्यात आवाज एकीचा, कौसल्या तुरणकरचा. तलावाच्या पूर्व काठावरच्या धोबीघाटावर तिचा धोंडा होता, सासूकडून आलेला. सकाळी कपडे आपटायची आणि निवडणुकीत घरोघरी चिमटा पोचवायची. त्या हजार मतांतली निम्मी तिच्या चपलांनी गोळा केलेली होती. मेळ चालवायला हर्षल गेडाम आला होता. तो सेतू केंद्र चालवायचा, बाईंचा जुना विद्यार्थी.

"या खेपेला आपण उभं राहायचं नाही," बाई म्हणाल्या. "संजीवनी राऊत आणि राजेश्वर धोटे, या दोघा उमेदवारांत जो आपल्या जाहीरनाम्याशी जुळेल त्याला पाठिंबा. भरसभागृहात, सगळ्यांसमोर जुळवून बघायचं."

"जाहीरनाम्यात एकेचाळीस कलमं आहेत, बाई," हर्षल म्हणाला.

"छत्तीस करू."

"काऊन? यंत्राला एकेचाळीस काय न् चारशे काय, सारखंच."

"यंत्राला कळेल रे, गावाला नाही कळणार. एकेचाळीसपैकी सव्वीस म्हटलं तर लोक विचारतील, बरं की वाईट? छत्तीसपैकी सव्वीस म्हटलं की चुलीपुढच्या बाईलाही समजतं. अठरापुढे जुळलं, लग्न लावा."

पडवी हसली. खरंच होतं ते. तळोणीत शिकलेला असो की अडाणी, पोरीचं स्थळ आलं की पहिला प्रश्न गुण किती. बाईंना स्वतःची युक्ती एवढी आवडली की पाच कलमं कोणती काढायची याला अर्धा तासही लागला नाही. ज्यांना कोणाचाच विरोध नाही ती काढा, असं ठरलं. गावाच्या वेशीचं नाव बदलू नये. शाळेच्या मैदानात मंगल कार्यालय नको. अशीच आणखी दोन गेली. आणि पाचवं, यादीतलं सदतिसावं : पूर्व काठावरचा धोबीघाट आहे तिथेच राहील.

कौसल्यानं मान वर केली. "ताई, ते माहं हाय."

"अगं, घाटाला कोण हात लावतंय? संजीवनी राऊतनं तर सभेत ओरडून सांगितलंय, घाट तिथंच राहील म्हणून. दुसरं कोणी कधी काही बोललेलं तरी आठवतं का?"

"धोटे काय म्हणते?"

"त्याचा प्रश्नच कुठं येतो?"

"म्हणूनच इचारते. प्रश्न आला तर उत्तर भेटन ना."

हर्षल म्हणाला, "बाई, मोजणीतून काढू, पण जाहीरनाम्यात राहू देऊ."

"म्हणजे दोन जाहीरनामे? मग लोक म्हणतील, चिमट्याचं एक तोंड इकडे, एक तिकडे. नको. छत्तीस म्हणजे छत्तीस."

कौसल्यानं पदर खोचला. मग म्हणाली, "तुम्ही म्हणता तर ठीक." हे वाक्य आपल्याकडे होकार म्हणून धरलं जातं. तसं ते नसतं.

सभागृह जुळणीच्या दिवशी गच्च भरलं. कित्येकांनी घरी पत्रिका बघतानासुद्धा इतका रस घेतला नसेल. आधी संजीवनी राऊत बसल्या. त्यांना गोड बोलायची सवयच नव्हती. सगळ्या प्रभागांना एकाच वेळी पाणी सोडाल का, असं मेळनं विचारलं.

"नाही. एकाच वेळी सोडलं तर चढावरच्या घरांत थेंब जाणार नाही. मी पाळीनंच सोडीन."

"असहमत," मेळ म्हणाला.

चिमटावाल्यांनी तोंडं वाकडी केली. मटण मार्केट हलवायलाही त्यांनी नकार दिला, फेरीवाल्यांच्या कलमावर तर यंत्राशीच हुज्जत घातली. शेवटी जुळले तेवीस.

मग राजेश्वर धोटे. इस्त्रीचा सदरा, बाईंना वाकून नमस्कार. तोही त्यांचाच विद्यार्थी. पाणी एकाच वेळी? सहमत. कसं सोडाल? त्यानं चढावर कुठे टाकी, किती ताकदीचे पंप, कोणत्या महिन्यात काम, सगळं सांगितलं. मेळनं उलटतपासणी घेतली, जुनी भाषणं समोर ठेवली. जिथं मत बदललं होतं तिथं धोटेनं ते कबूल केलं आणि का बदललं तेही सांगितलं. एकेक गुण पडत गेला. तीसनंतर लोक मोठ्यानं मोजायला लागले. छत्तीस झाले तेव्हा शिट्ट्या वाजल्या.

कौसल्या बाईंच्या कानाशी लागली. "ताई, माह्या बहिणीचे छत्तीसच्या छत्तीस जुळले होते."

"मग?"

"मग काय? लग्न झाल्यावर समजलं, पोराकडच्यांनी पत्रिका करून आणली होती. खरा जन्म कवाचा ते त्याच्या मायलेच माहीत. म्हातारे म्हणतात ना, लईच जुळलं का घरी जाऊन परत इचार करा."

"कौसल्या, आता कायदा आहे. बोलला ते करावंच लागेल त्याला."

"बोलला ते करन हो तो. न बोलला त्याचं?"

बाईंनी ऐकलं नाही. ऐकू आलं नाही असं नव्हे.

धोटे निवडून आला, चिमट्याच्या हजारावर. बाईंच्या पांढऱ्या केसांत गुलाल पडला आणि तो त्यांनी दोन दिवस धुतला नाही. कौसल्या मिरवणुकीत होती. नेहमीप्रमाणे झेंडा तिच्याच हातात होता.

आणि वाईट हे की धोटेनं सगळं केलं. चढावर टाकी उभी राहिली. पाणी एकाच वेळी सुटायला लागलं. अंधाऱ्या गल्ल्यांत दिवे लागले, मुतारीला दार लागलं, नगर परिषदेतला माणूस जेवणाची सुट्टी संपल्यावर खरोखर जागेवर दिसायला लागला. तीस वर्षं चिमटा ज्यासाठी ओरडला ते एकेक कलम पुरं होत होतं. लोक बाईंकडे येऊन म्हणायचे, "तुमच्यामुळे झालं." बाई चहात वेलदोडा घालायला लागल्या.

पुढच्या श्रावणात सर्वसाधारण सभेत ठराव आला : तलावाच्या पूर्व काठाचं सुशोभीकरण. पायवाट, कारंजी, खाद्यगृहं. धोबीघाट बायपासच्या पलीकडे, नव्या यांत्रिक धुलाई केंद्रात. धुणाऱ्यांना पाळीनं यंत्र मिळेल. ठराव मंजूर.

बाई तशाच नगराध्यक्षांच्या दालनात शिरल्या. मागून हर्षल.

"राजेश्वर, हे काय चालवलंयस?"

"बसा बाई. चहा सांगू?"

"चहा घाल चुलीत. घाट हलवायचा नाही, आमच्या जाहीरनाम्यात आहे ते."

"होतं," धोटे म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "आता नाही. छत्तीसमधलं एक जरी वचन मोडलं असेल तर मेळला विचारा, मी आत्ता खुर्ची सोडतो."

बाईंनी हर्षलकडे पाहिलं. हर्षलनं फोन पुढे करून विचारलं. मेळ म्हणाला, "छत्तीस वचनांपैकी एकही मोडलेलं नाही."

"धोबीघाटाबद्दल यांची भूमिका काय होती?" हर्षलनंच पुढे विचारलं.

"घाट हलवावा. तीन वर्षांपूर्वी व्यापारी मंडळाच्या स्नेहभोजनात मांडली होती."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?" बाई यंत्रावर खेकसल्या, वर्गात पोरावर खेकसाव्या तशा.

"विचारलं नव्हतं."

धोटे हसला नाही, हे त्याच्या बाजूनं नोंदवायला हवं. "बाई, राग मानू नका. तुम्ही आम्हाला तुमच्या जाहीरनाम्याशी ताडून पाहिलं. आम्ही त्याच मेळकडून तुमचा नवा जाहीरनामा तुमच्याच जुन्याशी ताडून घेतला. पाच कलमं गळालेली दिसली. चार माझ्या कामाची नव्हती." त्यानं टेबलावरचा कागद सरळ केला. "घाटासाठी मी बाकीची छत्तीस मान्य केली. महाग पडलं, पण केलं. तुम्हीच शिकवायचात ना, प्रश्नपत्रिकेत नाही त्याचं उत्तर लिहू नये, मार्क मिळत नाहीत."

बाई वळल्या आणि थेट घाटाकडे निघाल्या.

घाटावर कौसल्या धोंड्याशी वाकलेली होती. चादर आपटायचा आवाज पाण्यावरून जाऊन पलीकडच्या काठाला लागून परत येत होता. बाई पायरीवर उभ्या राहिल्या. सांगायचं काही उरलं नव्हतं. ठराव त्यांच्याआधीच येऊन पोचला होता.

"मी कोर्टात जाईन," बाई म्हणाल्या.

"जा ना."

"चूक झाली, कौसल्या."

"चूक कायची, ताई? तुम्ही बराबर मोजलं. मोजण्यात मी बसत नोती, एवढंच." तिनं चादर पिळली. पिळताना तिचं तोंड दिसत नव्हतं. "संजीवनीबाई तेवीसवाली. तिनं माह्यासाठी सभेत भांडण केलं होतं. मी तिच्या इरोधात दारोदार फिरली. माह्याच घाटाचं मत माह्याच पायानं धोटेले नेऊन देल्लं."

बाई खाली बसल्या. पदर ओला झाला तरी त्यांनी आवरला नाही.

"तो मेळ हाय का जवळ?" कौसल्यानं विचारलं.

"आहे. फोनमध्ये."

"त्याले एक इचारा. माह्या जाहीरनाम्यात एकच कलम, घाट इथंच रायला पायजे. तुमचे न् माहे किती गुण जुळतात?"

बाईंनी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. पिशवीतल्या फोननं ऐकलं होतं.

"विमल नंदनवार," मेळ म्हणाला, "तीस वर्षं सहमत होत्या. मागच्या श्रावणापासून भूमिकेची नोंद नाही." आणि जरा थांबून, "नोंदवायची असल्यास पुढच्या निवडणुकीत स्वतः उमेदवार व्हावं लागेल. नोंदवायची आहे का?"

पाण्यावरचा आवाज थांबला होता. कौसल्या पिळलेली चादर हातात धरून उभी होती.

"धोटेले खुर्ची भेटली," ती म्हणाली. "गावाले पाणी भेटलं, दिवे भेटले. तुमच्या डोक्यावर गुलाल पडला, तोही दोन दिवस टिकला. वाईट कोणाचं झालं नाही, ताई. याची किंमत कोणं भरली, तेवढं सांगा."

फोन पिशवीत उत्तराची वाट पाहत होता. कौसल्याही.