पोकळ सूर्यफुलाचे कोडे

सूर्यफूल दिसायला ताटाएवढे, आणि आत बघावे तर नुसती फोलपटे. चंद्रावरच्या शशांकवस्तीत हे दुसऱ्यांदा घडले होते. कडेच्या बिया टपोऱ्या, मधल्या सगळ्या पोकळ. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, असे लोक हसून म्हणू लागले.

हसली नाही ती फक्त कालिंदी. सहावीतल्या या मुलीने काचघरातला तो वाफा वस्तीप्रमुख रघुवीरकाकांकडून भांडून मिळवला होता. कडेच्या बिया पेरून तिने पुन्हा रोपे वाढवली. पण काकांनी बजावले होते, या खेपेला फूल मधोमध भरले नाही, तर वाफा बटाट्यांना जाईल. बटाटे कधी कोणाला फसवत नाहीत, असेही ते म्हणाले. कालिंदीला तेव्हापासून बटाट्याची भाजी गोड लागेना.

मोठ्यांनी खत बदलले, दिवे बदलले. तिची दमयंतीआत्या वनस्पतिशास्त्रज्ञ. तीही मातीच तपासत बसली होती. चंद्रावर मधमाश्या नाहीत. त्यांचे काम भुंग्या नावाचा लिंबाएवढा उडता यंत्रमानव करी. एका फुलातला पराग (फुलातली पिवळी पूड) तो दुसऱ्या फुलाला लावी, म्हणजे बी धरे. भेंडी आणि भोपळ्यावर शिकून तो तयार झाला होता आणि शिकलेले कधी विसरत नसे. या खेपेलाही सूर्यफुले उमलली त्याच दिवशी तो फिरून आला आणि म्हणाला, "एक फूल, एक फेरी. काम पूर्ण."

दसऱ्याचे झेंडूचे तोरण वाळले होते. पृथ्वीवर असताना आई वाळलेला झेंडू कुंडीत कुस्करून टाकायची आणि नवी रोपे यायची. कालिंदी तेच करत होती. कुस्करताना तिचा हात थांबला. प्रत्येक पाकळीच्या बुडाशी एक काळी बी होती. पाकळीला बी कशी येईल? बी तर फुलाला येते.

ती धावत आत्याकडे गेली. "आत्या, झेंडू हे एक फूल नाहीच ना?"

आत्याने आधी कपाळावर हात मारला, मग तिला जवळ बसवले. फांदीवर फुलांची मांडणी ठरलेली असते, ती सांगू लागली. तिला पुष्पविन्यास (फुलोऱ्याची रचना) म्हणतात. मोगऱ्याच्या झुपक्यात मधली कळी आधी उमलते. तिथे दांड्याची वाढ संपते आणि पुढच्या कळ्या बाजूने येतात. हा कुंठित (वाढ थांबलेला) फुलोरा. बहाव्याच्या घोसात मात्र देठाकडची फुले आधी उमलतात, टोकाला नवीन कळ्या येतच राहतात. तो अकुंठित (वाढत राहणारा).

"आता बहाव्याचा तो लांब दांडा आखूड करून भाकरीसारखा थापला, तर जुनी फुले कुठे जातील?"

"कडेला," कालिंदी म्हणाली. "आणि सगळ्यात नवीन कळ्या मधोमध."

यालाच स्तबक (एका बैठकीवर दाटीने बसलेली फुले) म्हणतात; झेंडू आणि सूर्यफूल ही दोन्ही स्तबकेच. कडेच्या मोठ्या पिवळ्या पाकळ्या हीसुद्धा फुलेच, फक्त सूर्यफुलात ती बी धरत नाहीत. बी धरतात ती आतली चिमुकली फुले, आणि ती कडेकडून आत, रोज थोडीथोडी उमलतात. भुंग्या पहिल्या दिवशी आला तेव्हा मधली फुले मिटलेलीच होती.

कालिंदीने भुंग्याला रोज यायला सांगितले. त्याने नकार दिला. झालेले काम पुन्हा करायचे नाही, हा त्याचा नियम होता आणि तो बदलायची परवानगी पृथ्वीवरून येईपर्यंत फुले सुकून गेली असती.

"मग मी करते," ती म्हणाली.

तिने रंगाचा मऊ कुंचला घेतला. शाळा सुटली की एका झाडाचा पराग दुसऱ्या झाडाच्या नव्याने उमललेल्या फुलांना लावायचा, मग उलट. मैत्रिणी उंच उड्यांचा खेळ खेळत, हिचे खांदे भरून येत. एकदा तिला रडूही आले, पण हात थांबला नाही. उमललेल्या फुलांचे कडे रोज आत सरकत होते. शेवटी मधोमध बोटाएवढा ठिपका उरला आणि तोही उमलला. भुंग्या रोज वर घिरट्या घालत नुसता बघत राही.

फुलांनी पिकून माना खाली घातल्यावर रघुवीरकाका आले. कालिंदीने फुलाच्या अगदी मध्यावर अंगठा दाबला. तो आत गेला नाही. तिथे घट्ट, भरलेल्या बिया होत्या. काकांनी दोन-तीन काढल्या आणि तोंडाकडे नेल्या.

तिने पुढे हात पसरला. "आधी वाफ्यात पेरायला, काका. मग खायला."

काकांनी बिया तिच्या तळहातावर ठेवल्या. बटाट्यांना दुसरी जागा शोधावी लागणार होती.

पुढच्या खेपेची सूर्यफुले उमलली, तोवर परवानगीही आली होती. पहिली फेरी मारून भुंग्या कालिंदीच्या खांद्यापाशी तरंगत थांबला. "काम पूर्ण" असे तो म्हणाला नाही.

"आज कडेची झाली," तो म्हणाला. "उद्या येतो."