पदरात घेतलेलं लेकरू

जिल्हा नवा झाला तवाची गोष्ट. दवाखान्याच्या पाटीवरचं उस्मानाबाद खोडलं अन् त्याच्यावर लातूर लिहिलं. पण नळाला उस्मानाबादचं बी पाणी न्हवतं अन् लातूरचं बी आलं न्हाई. उदगीरच्या अलीकडं, सडकेला लागून पत्र्याचा तो दवाखाना. टँकर यायचा, कोरड्या हिरीत पाणी वतून जायचा. तेच गढूळ पाणी लेकरं प्यायची अन् जुलाब लागून दवाखान्यात यायची.

तिथं महानंदा सिस्टर. डॉक्टर असो नसो, दारातून लेकरू आत आलं की हिची नजर आधी त्याच्यावर. रडणाऱ्या लेकराला ती भीत न्हवती, गप पडलेल्याला भ्यायची. डोळे खोल गेलेत का, रडताना पाणी येतंय का, बघायची. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडायची. लगेच बसली तर वाटी-चमच्यानं मीठ-साखरेचं पाणी. तशीच उभी राहिली तर सलाईन, अन् ते बी पळत.

हाताखाली आया हुसेनबी. केसं पिकलेली बाई. महानंदाची पोरगी उमा झाली ती हिच्याच हातावर. सिस्टर ड्युटीवर असली की उमा मागच्या क्वार्टरात खेळायची, अन् हुसेनबी मधून मधून जाऊन तिला भाकर चारून यायची. महानंदाला माहेर राहिलं न्हवतं. होती ती हुसेनमावशीच.

त्या दिवशी डॉक्टर लातूरला मिटिंगला. नवा जिल्हा, रोज मिटिंग. भर दुपार, पत्रे तापून कडकड वाजून राहिलेले. वार्डात एकटी जगदेवी, पोराच्या डोक्याला खोक पडली म्हणून घेऊन आलेली. टाके घालून झाले होते, अन् पोरगं खाटेवर उड्या मारून राहिलं होतं.

"सिस्टर, सुई-दोरा हाय तवर याला खाटेला बी शिवून ठेवा की," जगदेवी म्हणली. महानंदा हसली.

तेवढ्यात गुरम्मा आली, हुसेनबीच्या गल्लीतली. काखेत पोरगं, दगडोबा. आधीची लेकरं जगली न्हाईत म्हणून हे असलं नाव ठेवलेलं, मरणाला वाटावं की दगडच हाय. पोरगं गप. डोळे आत गेलेले. महानंदानं पोटाची कातडी धरून सोडली. ती तशीच उभी राहिली, वल्या धोतराच्या चुणीवानी.

"पाणी पाजलं का?"

"जुलाबात पाणी कसं पाजू ओ? अजून लागंल की."

"अगं बाई, वाळवून मारतीस का त्याला? धर त्याचा हात, सलाईन लावते."

गुरम्मानं पोर छातीशी आवळलं. "सुई नका. माझं म्हणून जे आलं ते सुईखालीच गेलं."

महानंदानं समजावलं, रागावली, हात जोडले. बाई ऐकंना. मग हुसेनबी म्हणली, "बेटा, तूच घे पदरात. मूठभर जवारी दे अन् म्हण, माझं हाय. मग सुई तुझ्या लेकराला टोचती, तिला काय?"

हा रिवाज तिकडं सगळ्यांना ठाऊक. लेकरं जगंनात की आई लेकरू दुसरीला विकती, मूठभर जवारीला. मरण आईच्या दाराशी येतं, तर तिथं तिचं काईच न्हाई. लेकरू बरं झालं की आईनं जवारी परत द्यायची अन् लेकरू सोडवून न्यायचं.

महानंदाचा असल्यावर इस्वास न्हवता. पण वेळ तरी कुठं होता? तिनं पदर पसरला. जवारी हुसेनबीच्या पदराला बांधलेलीच होती. गाठ सुटली, मूठ गुरम्माच्या हातात गेली.

"माझं हाय," महानंदा म्हणली. "झालं समाधान?"

पहिल्याच टोचण्यात शीर सापडली. वाळलेल्या लेकराची अशी कधी सापडत न्हाई. ती चिकटपट्टी फाडायला वळली, अन् परत बघती तर पोरगं उठून बसलेलं. बाटली काठोकाठ. एक थेंब उतरला न्हवता. पोटाची कातडी मऊ, जागच्या जागी.

"अव्वा," पोरगं म्हणलं. तिकडं आईला अव्वा म्हणतेत. पण ते गुरम्माकडं बघत न्हवतं.

"अव्वा, ताई पाणी मागून राहिली."

"कोण ताई रं?"

"उमाताई."

महानंदानं गुरम्माकडं बघितलं. गुरम्मा तोंडाला पदर लावून रडत असंल, असं तिला वाटलं होतं. गुरम्मा हसत होती.

सिस्टर पळाली. क्वार्टरच्या उंबऱ्यावर उमा बसलेली, भिताडाला टेकून. सकाळी येणी घालताना दंगा केलेली पोरगी, आता गप. अंग कोरडं, परकर कोरडा, ना उलटी ना जुलाब. महानंदानं कातडी धरली अन् सोडली.

कातडी उभीच राहिली.

उचलून वार्डात आणलं. गुरम्मा न्हवती, पोरगं न्हवतं. नळी खाटेवरून लोंबत होती. महानंदानं हाताला शीर शोधली, पायाला शोधली, डोक्याला शोधली. बोटाखाली यायची अन् सुई टेकली की जायची. चमच्यानं पाणी घातलं, ते ओठाच्या कोपऱ्यातून तसंच बाहेर आलं.

"मावशी, गुरम्मा कुठं गेली? जवारी परत दिली का तिनं?"

हुसेनबी खाली बघत फरशी पुसून राहिलेली.

"जवारी कुठली होती, मावशी?"

"तुझ्याच घरची. सकाळी उमाच्याच मुठीनं घेतली."

महानंदाला आधी उमजलंच न्हाई. मग उमजलं. मूठ जिची, मोल बी तिचंच.

"तुझ्या हातावर झाली की गं ती."

"म्हणून तर ती मला न्हाई म्हणली न्हाई," हुसेनबी म्हणली. "मी मूठ मागितली, तिनं भरून दिली. गुरम्माला मी पाळलीय, बेटा. तिचं हे शेवटचं होतं."

फरशी पुसायचं काई तिनं थांबवलं न्हाई.

उमाचा श्वास बारीक झाला.

महानंदा उठली. पोरीला घेऊन जगदेवीच्या खाटेपाशी गेली.

"अगं बाई, काय झालं ओ उमाला? मी काय करू, सांगा."

महानंदानं उड्या मारणाऱ्या पोराकडं बघितलं. तरी ती बोलली.

"पदरात घे हिला."

"द्या की. त्याला काय इचारायचं?" जगदेवीनं पदर पसरला. दळायला न्यायच्या जवारीचं गाठोडं उशाशीच होतं. तिनं त्यात हात घातला.

"तू नको," महानंदा म्हणली. "मूठ तुझ्या पोराला भरू दे."

पोरानं खदखदत मूठ भरली, अन् अर्धी सांडत सिस्टरच्या हातावर वतली.

उमानं डोळे उघडले.

"अव्वा," ती जगदेवीला म्हणली.

"ऐका, मलाच अव्वा म्हणून राहिली!" जगदेवी हसली.

महानंदानं कपाटातून नवी बाटली काढली अन् जगदेवीच्या खाटेला टांगली.

"हे कुणाला ओ, सिस्टर?"

पोरगं अजून उड्याच मारून राहिलं होतं. महानंदानं त्याचा हात धरला अन् शीर शोधाय लागली, ती अजून सापडतीय तवर.