तंगावरची घडी

"घोडी उद्या सकाळी विकली जाणार," खोगीरवाले म्हणाले, "आणि तिच्यामागोमाग माझं नावही जाणार."

वहिनींनी चष्मा पुसायला घेतला. खाजगी तपासाच्या धंद्यात त्यांना वीस वर्षं झाली होती आणि चष्मा हातात आला की समोरचा घडाघडा बोलतो, हे त्यांच्या दिरांना पाठ होतं. टपालखात्यातून निवृत्त झाल्यापासून भाऊजी त्यांच्याबरोबर हिंडत. टिपणं घेत आणि, त्यांच्या मते, डोकंही चालवत.

हकीकत अशी. डॉक्टरांच्या लेकीला खोगीर हवं होतं. खोगीरवाल्यांनी घोडीच्या पाठीवर मऊ तार वाकवून माप घेतलं. दोन खोगिरं परत नेली, तिसरं बसलं. "खाली एक पातळ कापड. तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, बरोबर चौथ्या भोकात. मी स्वतः आवळला." पंधरा दिवस सगळं ठीक होतं. रविवारी घोडीनं पाठ उडवून मुलीला फेकलं आणि हात मोडला. डॉक्टरांच्या मते खोगीर चुकीचं होतं आणि घोडीचाही आता भरवसा नव्हता.

तबेल्यात शिरताच भाऊजींना सटासट शिंका आल्या. घोड्याच्या केसांशी त्यांचं लहानपणापासून वाकडं होतं.

"रविवारी खोगीर कोणी चढवलं?" वहिनींनी घोडीची निगा राखणाऱ्या मोतद्दाराला विचारलं.

"माहीत नाही बाई. मी दाणा आणायला गेलो होतो. आलो तेव्हा ताई स्वार झालेल्या."

"आणि उतरवलं कोणी?"

"डॉक्टर ताईंना गाडीत घालून निघाले, मी फाटक उघडायला धावलो. परत येतो तर खोगीर खुंटीवर, त्यावर तेच पातळ कापड."

वहिनींनी खोगीर चढवायला लावलं. तंग चौथ्या भोकात चपखल बसला. घोडी कान सैल सोडून निवांत उभी होती. पट्ट्यावर मात्र दुसऱ्या भोकापाशी एक ताजी, खोल घडी उमटली होती.

"सैल बांधलं होतं!" भाऊजींना हुरूप आला. "खोगीर घसरलं, संपला विषय."

"घसरलं असतं तर ताई कुशीवर पडल्या असत्या," मोतद्दार म्हणाला. "घोडीनं तर त्यांना डोक्यावरून पुढे भिरकावलं."

भाऊजींनी लिहिलेलं खोडलं.

घरात आत्या पडद्याची कड शिवत बसल्या होत्या. डॉक्टरांच्या या थोरल्या बहिणीनंच आईवेगळ्या पोरीला वाढवलं होतं. त्यांचा दुहेरी टाका जवळजवळ आणि घट्ट होता.

"मी तबेल्याकडे फिरकत नाही," त्या म्हणाल्या. "एवढं कडक कातडं मुक्या जिवाच्या पाठीवर! मला बघवत नाही."

मुलगी तिथेच पलंगावर टेकून बसली होती. प्लास्टरमधला हात घडी घातलेल्या एका जाड निळ्या गादीवर ठेवलेला.

"मला काही आठवत नाही," ती म्हणाली. म्हणण्याआधी तिनं आत्याकडे पाहिलं.

भाऊजींना जोरात शिंक आली. त्यांनी माफी मागितली आणि पाठोपाठ दुसरी दिली.

वहिनींनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "डॉक्टरांना बोलवा. खोगीरवाल्यांनाही."

सगळे जमल्यावर त्या शांतपणे बोलू लागल्या.

"पट्ट्यावरची घडी खोल आहे, म्हणजे तंग करकचून आवळला होता. तरी तो दोन भोकं अलीकडेच अडला. घोडी एका दिवसासाठी जाड होत नाही. म्हणजे खोगिराखाली काहीतरी जाड होतं. मापाच्या बुटात दोन-दोन लोकरी मोजे घालून पळून पाहा. तसंच खोगीर घोडीच्या खांद्यांना चिमटत राहिलं. त्याचं माप बरोबरच होतं. आणि बिचाऱ्या घोडीनं तरी काय करायचं?"

"जाड काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"आमच्या भाऊजींना घोड्याच्या केसांनीच शिंका येतात. या खोलीत घोडा नाही." वहिनींनी मुलीच्या हाताखाली बोट दाखवलं. "आजाऱ्याची उशी कोणी उचलून बघत नाही. तिच्या कडेला पडद्याचाच दुहेरी टाका आहे. आणि गाडी निघाल्यावर तबेल्यापाशी यायला घरात एकच माणूस उरलं होतं."

आत्यांच्या हातातली सुई थांबली.

"माझ्या जुन्या कोटाची ही गादी शिवली," त्या म्हणाल्या. "दोघींनी मिळून खोगिराखाली घातली. घोडीला टोचू नये एवढंच मनात होतं रे. पोरीचा हात मीच मोडला, हे तुला कोणत्या तोंडानं सांगू?"

"आणि तू?" डॉक्टर लेकीकडे वळले. "घोडी उद्या जाणार, हे माहीत असून गप्प बसलीस?"

मुलीचा बांध फुटला. "बोलले असते तर तुम्ही आत्याला काय काय बोलला असता! आणि नाही बोलले तर घोडी जाते. चार रात्री मला झोप नाही, बाबा."

डॉक्टरांनी खोगीरवाल्यांपुढे हात जोडले, आणि उद्याच्या गिऱ्हाइकाला फोनवरून नकार कळवला. मग ते बहिणीजवळ जाऊन बसले.

आत्यांनी डोळे पुसले आणि ती निळी गादी ओढून काढायला हात पुढे केला.

"राहू दे ना," मुलगी म्हणाली. "घोडीला नको होती. माझ्या हाताला बरी आहे."

भाऊजी शिंकत शिंकत बाहेर गेले.