गुलाबी बगळा आणि पक्का रंग

"गायत्री, पळ! बगळा गुलाबी झालाय!"

"उन्हानं डोकं फिरलंय तुझं, भटू!"

पण खरंच की! पलसाण्याच्या खाडीत बगळा उभा होता, पोटापर्यंत गुलाबी, जणू कुणाच्या लग्नाला निघालाय. पाणीच तसं होतं. त्यात हात बुडवून भाकरी थापली असती, तर भाकरीही गुलाबी झाली असती!

गायत्रीला मात्र हसू येईना. सुरतेतल्या गोडादऱ्याहून धाकट्या भटूला घेऊन मामाकडे सुट्टीला आल्यापासून ती रोज वहीत पाणकोंबडीची पिल्लं मोजायची. सोमवारी सहा होती. आज चार!

"कुणीतरी रंगाचं पाणी सोडतंय. असं चाललं तर एकही पिल्लू उरायचं नाही."

काठावर कापड रंगवणाऱ्या तीन मिली, तिन्हींचे तीन पाइप. विचारायला जावं तर तिन्हीकडे एकच उत्तर, "आमचं पाणी चोख!"

मग मामेभाऊ कुंदननं कापड विणायच्या लूमवरून पांढऱ्या चिंध्या आणल्या. पोरांनी प्रत्येक पाइपाच्या तोंडाशी एकेक बांधली. सकाळी पाहतात तर दोन पांढऱ्याफटक आणि तिसरी गर्द गुलाबी!

"सापडला!" भटूनं उडीच मारली.

गायत्रीनं तिसऱ्या चिंधीचा तुकडा पाकिटात घालून पाणी तपासणाऱ्या साहेबांना धाडला. साहेब आले चौथ्या दिवशी. तोवर पिल्लं तीन झाली होती.

तिसऱ्या मिलचे रंगमास्तर, ज्यांना सगळेच सुकदेवमामा म्हणत, मिशीवर ताव देत बाहेर आले. "होळीचा रंग असेल, साहेब! पोरांचं काय ऐकता?"

साहेब घुटमळले. गायत्रीनं चिंधी उचलली नि मोठ्यानं म्हणाली, "कुंदन, हा शेजारच्या मिलचाच रंग. सात वेळा साबणानं घासला, तरी उतरेना! सुकदेवमामांचा रंग कुठला एवढा टिकायला?"

"हो ना! त्यांचा पहिल्या धुण्यातच जातो म्हणे!" कुंदननं तिखटमीठ लावलं.

सुकदेवमामांची मिशी थरथरली. "काय म्हणालास, छोकरा? शेजारच्याला साधा पिवळा जमत नाही! हा माझा रानी कलर आहे, माझा! वीस वर्षं भट्टीपुढे उभा आहे मी! असा पक्का रंग अख्ख्या सुरतेत कुणी काढून दाखवावा!"

एवढं बोलून त्यांनी जीभ चावली. पण साहेबांनी सगळं लिहून घेतलं होतं!

संध्याकाळच्या आत पाइप बंद झाला. दहा दिवसांनी साहेब पुन्हा आले, तेव्हा पाणी निवळलं होतं आणि तिन्ही पिल्लं आईमागे तुरुतुरु पळत होती.

"शाब्बास!" साहेब गायत्रीची वही चाळत म्हणाले. "आमच्या हाफिसात इतकी नेटकी नोंद कुणी ठेवत नाही. ही वही मला दे, बेटा."

"नाही देणार," गायत्री म्हणाली. "पिल्लं उद्याही मोजायचीत. हवं तर उतरवून घ्या."

साहेब मुकाट्यानं काठावर मांडी घालून बसले आणि लिहू लागले. शेजारी भटू बोट ठेवून सांगत होता, "साहेब, मंगळवार राहिला तुमचा!"