एकोणीस पूर्णांक तीन सेकंद

आधी वास आला की आधी आवाज, हे शंकासुराला आता खात्रीने सांगता येत नाही. वय झालं. तेव्हाही त्याचा स्वतःवर फारसा भरवसा नव्हताच. घराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जायचा आणि ते ओढून बघायला परत यायचा. इमारतींच्या कंपनांवर डॉक्टरेट मिळवली, तरी ती दुसऱ्या कुणाची चुकून आपल्याला दिली असेल, अशी धाकधूक असायची. ऑफिसात हे नाव पडलं ते उगाच नाही. पण ती सुट्टीची दुपार होती, आभाळ भरून आलं होतं आणि मजल्यावर तो एकटा होता, एवढं नक्की.

काम तसं किरकोळच होतं. एका क्रीडागृहातली प्रेक्षकांची गॅलरी. एक बाजू भिंतीत रोवलेली, दुसरी अधांतरी. खेळ रंगला की माणसं उठून एका तालात उड्या मारतात. अशा वीस सेकंद उड्या मारल्या तर गॅलरी किती हलेल, हे संगणकाने सोडवून ठेवलं होतं. आता टोकाच्या एका बिंदूचा निकाल बाहेर काढायचा, आडवा काळ आणि उभी हालचाल असा आलेख छापायचा आणि खाली सही ठोकायची. गॅलरी दुसऱ्या दिवशी सकाळी खुली होणार होती. पहिल्या सामन्याला शाळेची मुलं यायची होती, आणि त्यांत त्याची बारा वर्षांची लेक होती.

त्याने बिंदूचा क्रमांक दिला. पडद्यावर रेषा उमटली, निवांत, झोपलेल्या माणसाच्या पोटासारखी जराशी वरखाली होणारी. सगळी मिळून हालचाल तीन मिलिमीटर. छान उत्तर होतं. इतकं छान की शंकासुराला ते खरं वाटेना.

अशा वेळी तो शेजारच्या टेबलाकडे बघायचा. तिथे पेन्सिलकाका बसायचे, ऑफिसातले सगळ्यात जुने तपासनीस. कुणाचाही आलेख आला की ब्लेडने पेन्सिलीला टोक करायचे, रेषेच्या सर्वांत उंच जागी बारीक वर्तुळ काढायचे आणि शेजारी वेळ लिहायचे. "मशीन रेघ काढतं रे बाळा," म्हणायचे, "टोक आपण शोधायचं असतं." काकांना जाऊन आठ महिने झाले होते. टेबलावर धूळ होती. तिथे बसायला अजून कुणी तयार नव्हतं.

खर्र... खर्र...

लाकडावरून ब्लेड फिरल्याचा आवाज. आणि ताज्या सोललेल्या लाकडाचा वास. तो मान वळवणार तोच फोन वाजला. बायको होती.

"अहो, किती वेळ अजून? पोरीने डोकं खाल्लंय. उद्या पहिल्या रांगेत बसायचंय म्हणे. मी म्हटलं, बाबांना विचारल्याशिवाय नाही."

"झालंच. सही केली की निघतो."

"तुमचं झालंच म्हणजे अजून तीनदा तपासणं आलं." ती थांबली. "आणि टोक कसलं करत बसलाय? इथवर ऐकू येतंय."

त्याने रिसीव्हर कानाशी घट्ट धरला.

"अहो?"

"निघतो मी," तो हळूच म्हणाला. त्याच्या एका हातात रिसीव्हर होता. दुसरा हात मांडीवर होता, आणि रिकामा होता.

फोन ठेवला आणि आवाज थांबला. काहीतरी करायला हवं म्हणून त्याने कपाटातून कागदांचा नवा गठ्ठा काढला, वरचं सील फोडलं, कागद प्रिंटरमध्ये भरले आणि आलेख छापायला लावला. कागद सरकत बाहेर आला. उजेड कमी होता, म्हणून तो घेऊन खिडकीशी गेला.

रेषा खाली, पडद्यावर होती तशीच. पण वरच्या कोऱ्या चौकटींत, रेषेपासून कितीतरी उंचावर, चौतीस मिलिमीटरच्या खुणेपाशी पेन्सिलीचं एक बारीक वर्तुळ होतं. शेजारी लिहिलं होतं, १९.३. त्यातला तीन गळासारखा वाकलेला, पेन्सिलकाका काढायचे तसा.

त्याने टेबलाकडे पाहिलं. धूळ जशीच्या तशी. लाकडाचं एक सालपटही नाही.

मीच काढलं असेल, हा पहिला विचार. कुठलीही गोष्ट आधी स्वतःवर घ्यायची त्याला सवयच होती. पण एकोणीस पूर्णांक तीन कशासाठी? त्याने त्या क्षणाचा निकाल मागितला. संगणकाने सांगितलं की या वेळेचा निकाल साठवलेला नाही. एकोणीस पूर्णांक दोनचा होता, मग थेट एकोणीस पूर्णांक सहाचा.

तेव्हा शंकासुराच्या लक्षात आलं. डिस्क भरते म्हणून, दर चार दशांश सेकंदांनी एकच निकाल ठेव, हे त्यानेच यंत्राला सांगितलं होतं. आणि उडी? सेकंदाला अडीच, म्हणजे एका उडीला बरोबर चार दशांश. पलंगावर उड्या मारणाऱ्या पोराकडे दर खेपेला त्याचे पाय पलंगाला टेकतानाच बघावं आणि म्हणावं, किती शहाणं, जागचं हलत नाही. तसं त्याने गॅलरीकडे पाहिलं होतं. मधलं सगळं हलणं त्याने स्वतःच फेकून दिलं होतं.

त्याने एकही क्षण न वगळता गणित पुन्हा लावलं. तीन तास लागले. या वेळी रेषा नव्हती, काळ्या दातांची करवत होती. सर्वांत उंच दात चौतीस मिलिमीटर, गॅलरीला सोसेल त्याच्या कितीतरी पलीकडे. वेळ एकोणीस पूर्णांक तीन.

त्याने साहेबांना फोन लावला.

"साहेब, गॅलरी उद्या उघडायची नाही."

"शंकासुरा, तुझी शंका सोमवारी ऐकली तर चालेल का?"

"शंका नाही साहेब. चूक आहे. माझी."

याच्या तोंडून इतकं ठाम वाक्य साहेबांनी कधी ऐकलं नसावं. "बरं," ते म्हणाले, "कुलूप घालायला लावतो. तू घरी जा, जेव."

दोन महिन्यांत गॅलरीखाली चार खांब उभे राहिले. लेक पहिल्या रांगेत बसली, घसा बसेपर्यंत ओरडली, मनसोक्त नाचली. शंकासुर खाली एका खांबाला तळवा लावून उभा होता. खांब गार होता आणि निश्चल होता. त्या दिवशी घरून निघताना त्याने कुलूप एकदाच ओढून पाहिलं, ही गोष्ट बायको अजून पाहुण्यांना सांगते.

तो कागद त्याने जपून ठेवला. वर्तुळ आपणच भांबावून काढलं असणार, अशी त्याने मनाची समजूत घातली आणि पुष्कळ वर्षं ती टिकली. मग त्याची भाची कागदपत्रं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली. निवृत्तीनंतर एकदा त्याने कागद तिच्याकडे दिला. अक्षर माझं आहे का, एवढंच बघ म्हणाला.

आठवड्याने ती घरी आली.

"मामा, अक्षर तुझं नाही. कुणाचं, ते नमुन्याशिवाय सांगता येणार नाही. पण त्यापेक्षा दुसरंच निघालं. हे वर्तुळ चौकटीच्या छापील रेघेवर येतं ना? ते रेघेवर काढलेलं नाही."

"म्हणजे?"

"रेघ वर्तुळावर छापली गेलीये. मी तीनदा बघितलं. कागद मशीनमध्ये गेला, तेव्हा वर्तुळ आणि आकडा त्याच्यावर आधीपासून होते."

शंकासुराने कागद परत हातात घेतला. बाकी सगळं पुसट झालंय, पण त्या गठ्ठ्याचं सील फुटतानाचा चुरचुर आवाज त्याला पक्का आठवतो. ते त्याने स्वतःच्या हाताने फोडलं होतं.