चार ठिपके

बायकोला दवाखान्यातून घरी आणायच्या आठ दिवस आधी वायरमनने फरशी चमकवायचं एक जुनं मशीन विकत घेतलं. धोका टळलाय, असं डॉक्टर म्हणाले होते. तिला आरशासारखी फरशी आवडायची आणि जन्मभर तिने ती गुडघे टेकून पुसली होती. हे वायरमनला दिसलं ते रिटायर झाल्यावर. उशिरा सुचलेलं शहाणपण, पण सुचलं तरी.

मशीन एका बंद झालेल्या वॉर्डातलं होतं. विकणारा म्हातारा सफाईवाला हँडलवरून हात फिरवत म्हणाला, "मालक, ह्याला ओढायचं नाही. एखादी जागा सोडली, तर सोडू द्यायची."

"मशीन आहे की बैल?" वायरमन हसला. म्हातारा हसला नाही.

घरी त्याने ते पार उघडलं. मोटरचे झिजलेले कार्बन बदलले, बेअरिंगमध्ये ग्रीस भरलं, कडक झालेली वायर काढून नवी घातली. तळाच्या गोल ब्रशमधलं वर्षानुवर्षांचं मेण खरवडताना फिनाइलचा वास आला. तो दोन दिवस हाताला होता.

मग बायको यायच्या दिवशी सकाळी रिकाम्या खोलीत त्याने बटण दाबलं. हँडल किंचित उचललं की मशीन उजवीकडे जाई, खाली दाबलं की डावीकडे. अगदी गुणी. फक्त खिडकीपाशी चार ठिकाणी ते अडलं आणि वळसा घालून पुढे गेलं. त्याने पुन्हा फिरवलं, पुन्हा तेच. लख्ख फरशीवर वाटीच्या तोंडाएवढे चार निस्तेज ठिपके उरले.

एक स्क्रू ढिला राहिला तरी वायरमनला जेवण गोड लागत नसे. तो गुडघे टेकून बसला आणि मेण लावून, फडक्याने घासून त्याने चारही ठिपके घालवले.

दुपारी भाड्याची खाट आली. हमालांनी ती खिडकीपाशी ठेवली. पुसलेल्या जागा वायरमनला पाठ होत्या. खाटेचे चारही पाय नेमके तिथेच टेकले.

त्याने म्हाताऱ्याला फोन लावला.

"ठिपके राहिले? मग चांगलंच की," म्हातारा म्हणाला. "वॉर्डात जे माणूस उठून घरी जायचं, त्याच्या खाटेच्या पायांची जागा ते सोडायचं. ज्याचं काही खरं नसायचं, त्याच्या... पायांखालीसुद्धा लख्ख."

"आणि कोणी हाताने घासून काढले तर?"



"मालक... तुम्ही पुसलेत?"

वायरमनने फोन ठेवला. खाट सरकवून, सँडपेपरने चारही जागा पार खरखरीत केल्या आणि खाट होती तिथे ठेवली.

संध्याकाळी बायको आली. उशीला टेकून फरशीकडे बघतच राहिली. "अहो, हे तुम्ही केलंत?" ती इतकी खूश होती की त्याला रडू आवरेना. ते तिला आनंदाचं वाटलं.

सकाळी ती खुर्चीत चहा घेत असताना त्याने खाटेचा एक पाय उचलून खाली हात घातला. फरशी गुळगुळीत होती. ताजं मेण बोटाला लागलं. मग दुसरा पाय, तिसरा, चौथा.

"काय शोधताय?"

"काही नाही. चहा निवतोय तुझा."

तो गॅलरीत गेला. मशीन कोपऱ्यात होतं. वायर त्याने गुंडाळली होती तशीच हँडलला होती. त्याने मोटरवर हात ठेवला. ती कोमट होती.